बंकरातली तालीम

"गुरुवारी संध्याकाळी फोन करू नको, तालीम असते," असं मी बोखुमहून आईला सांगितलं तेव्हा ती जरा वेळ गप्पच झाली. मग म्हणाली, "ह्या वयात? गुडघं सांभाळ बाबा."

आमचं घर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत. तिथं तालीम म्हणजे लाल माती, जोर-बैठका आणि थंडाई. नाटकवाल्यांचीही तालीम असते हे तिला ठाऊक होतं. पण सदतिशीतला, फौंड्रीत नोकरी करणारा आपला मुलगा जर्मनीत जाऊन इलेक्ट्रिक गिटार बडवतोय, त्यापेक्षा तो लंगोट लावून मातीत उतरलाय हे तिला पटायला सोपं गेलं असावं. मीही दोन महिने तो गैरसमज तसाच राहू दिला.

मी 2017 च्या ऑक्टोबरात तिकडं गेलो. शिरोली एमआयडीसीतली आमची कंपनी तिथल्या एका कारखान्याला कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, पुरवायची आणि नाकारलेल्या मालावरून रोज भांडणं व्हायची. ती मिटवायला आपला एक माणूस तिथंच बसवावा असं ठरलं. दोन वर्षांसाठी गेलो आणि पाच राहिलो. बोखुम म्हणजे रुहर खोऱ्यातलं कोळसा-पोलादाचं गाव. गावातल्या खाणी 1973 पर्यंतच बंद पडलेल्या, ओपेलचा मोटारींचा कारखाना 2014 मध्ये गेलेला. माणसं मात्र आमच्या कारखान्यांच्या उद्यमनगरातल्यासारखीच. हात काळे, बोलणं तुटक, आणि एकदा ओळख झाली की घरी जेवायलाच बोलावणार.

गिटार घ्यायचं कारण अगदी साधं होतं. नोव्हेंबरात तिथं साडेचारला अंधार पडतो. घरी येऊन भात लावला, जेवलो, भांडी घासली तरी घड्याळात सातच वाजलेले. एका जुन्या सामानाच्या दुकानात गिटार आणि तिचा छोटा ॲम्प्लिफायर मिळून 180 युरोला दिसला. मी घासाघीस केली. दुकानदाराला ते नवीन होतं, पण त्यानं दहा युरो सोडले.

लहानपणी मी तीन वर्षं पेटी शिकलो होतो. दहावीला ती सुटली आणि परत कधी हात लागला नाही. अल्लादियाखाँ जिथं दरबारी गवई होते त्या गावचा मी, आणि माझं संगीत शाळेच्या गॅदरिंगला संपलं. हे लाजेनं सांगतोय, पण पुढं तेच उपयोगी पडलं म्हणून सांगणं भाग आहे.

शहराच्या संगीतशाळेत मोठ्यांसाठीही वर्ग असतात. आठवड्यातून अर्धा तास. माझे मास्तर साठीचे, पांढऱ्या केसांची शेंडी बांधणारे. पहिल्या दिवशी त्यांनी तारांची नावं विचारली. मी इंटरनेटवर बघून पाठ करून गेलो होतो, ई, ए, डी, जी, बी, ई. ते पाचव्या तारेला अडले. "हा," म्हणाले. मला वाटलं होकार देतायत. मी पुन्हा "बी" म्हणालो, ते पुन्हा "हा". पाच मिनिटं आमचं असंच चाललं. मग उलगडा झाला. जग ज्याला बी म्हणतं तो स्वर जर्मन लोकांत 'एच' असतो आणि त्याचा उच्चार 'हा'. त्यांच्याकडं 'बी' आहे, पण तो अर्धा स्वर खाली. म्हणजे शिकायचं इंग्रजी व्हिडिओवरून, विचारायचं जर्मन मास्तरांना, आणि मधल्यामध्ये एक स्वर इकडचा तिकडं.

त्या रात्री मी वहीत आमच्या गुरुजींच्या भाषेत लिहून काढलं. पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात, पांढरी तीन. झालं! त्यानंतर माझा गोंधळ उडाला नाही. मास्तर 'हा' म्हणोत, व्हिडिओतला पोरगा 'बी' म्हणो, माझ्या डोक्यात पेटीची सातवी पांढरी पट्टी. ती वही मास्तरांनी एकदा उलटीपालटी करून बघितली आणि ही कोणती स्वरलिपी म्हणून विचारलं. कोल्हापूरची, म्हणालो.

पुढच्या महिन्यात त्यांनी रॉकवाल्यांचं बाळकडू दिलं, मायनर पेंटाटॉनिक. पाच स्वर. सावकाश वाजवून बघितले आणि हसूच आलं. सा, कोमल ग, म, प, कोमल नि. हा तर धानी राग! मध्यम आणि पंचमाच्या मधे तीव्र मध्यम जाता जाता चिमटीत धरला की त्याचा ब्लूज होतो. तार ओढून एका स्वरावरून दुसऱ्यावर न्यायची त्याला ते बेंड म्हणतात. ती मींडच. ओढलेली तार नेमकी कुठं थांबवायची हे कानाला आधीच माहीत होतं, त्यामुळं त्या एका गोष्टीत मास्तरांनी माझं कौतुक केलं. बाकी कशात नाही.

कारण बाकी सगळं अवघडच गेलं. पेटीवर मी आयुष्यभर एका वेळी एकच स्वर वाजवलेला. इथं सहा तारा एकदम, आणि दर चार ठोक्यांनी सगळी बोटं उचलून दुसरीकडं ठेवायची. तर्जनी आडवी घालून सहाही तारा दाबायच्या त्या बार कॉर्डला मला सात आठवडे लागले. बोटं दुखतात म्हणून कुरकुरलो तर मास्तरांनी टोनी आयोमीची गोष्ट सांगितली. ब्लॅक सॅबथ ह्या बँडचा गिटारवाला. सतराव्या वर्षी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं मशीननं नेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, पुढं तारा उतरवून सैल केल्या. त्यातून जो जड, खर्जातला आवाज निघाला त्यावर हेवी मेटल हा रॉकचा प्रकार उभा राहिला. उद्यमनगरात पॉवर प्रेसवर बोट गेलेली तीन माणसं मी जवळून ओळखतो. त्यानंतर मी कुरकुरलो नाही.

मास्तर ह्या गोष्टी अभिमानानं सांगायचे, कारण तो भागच तसा. शेजारच्या एसेनचा क्रिएटर, गेल्सेनकिर्शनचा सोडोम, हे मेटलमधले मोठे बँड. सोडोमचा गायक टॉम एंजेलरिपर आधी कोळशाच्या खाणीत कामाला होता. मी फौंड्रीत काम करतो म्हटल्यावर मास्तरांनी मला जणू पोटजातीतच घेतलं.

घरी सराव हेडफोन लावून. तिथं रात्री 10 ते सकाळी 6 शांतता म्हणजे शांतता, आणि रविवारी दिवसभरसुद्धा. मी नियम पाळत होतो. तरी एक दिवस दारावर चिठ्ठी. खालच्या मजल्यावरच्या आजींची, अतिशय नम्र. "आपण रात्री शिलाई मशीन चालवता का?" डोक्याला ताण देऊन कळलं की माझ्या उजव्या पायाची टाच लाकडी जमिनीवर ताल धरतेय. गिटारचा आवाज माझ्या कानात, ठेका त्यांच्या डोक्यावर. जाड सतरंजी घेतली, आजींना चिवडा नेऊन दिला. तिखट लागला असणार. डबा मात्र धुऊन, आत सफरचंद घालून परत आला.

बँड मिळाला कारखान्यातूनच. खरेदी विभागातले एक साहेब, नावामागं डॉक्टर लावणारे, आमचे कास्टिंग नाकारण्यात सगळ्यात पुढं. त्यांनी एकदा माझ्या डाव्या हाताची बोटं बघितली. टोकांवर घट्टे पडलेले. "गिटार?" मी हो म्हणालो. "गुरुवारी या. दुसरा गिटारवाला आमचा बर्लिनला गेला."

पत्त्यावर गेलो तर समोर दुसऱ्या महायुद्धातला हवाई हल्ल्याचा बंकर. चार-पाच मजली, खिडकी एक नाही, भिंती हातभर नव्हे, पुरुषभर जाड. जर्मनीत असे बरेच बंकर उरलेत, पाडणं परवडत नाही म्हणून. त्यातल्या कित्येकांत आता बँड तालीम करतात, कारण आत काहीही करा, बाहेर मुंगीलाही ऐकू जात नाही. ज्या खोल्यांत लोक जीव मुठीत धरून बसले असतील तिथं आता भिंतींना जुने गालिचे ठोकलेले, कोपऱ्यात बिअरचे क्रेट, आणि वास आमच्या गावाकडच्या पेवासारखा ओलसर, कोंदट. आमच्या खोलीचं भाडं माणशी महिना 45 युरो. मोबाइलला रेंज नाही. तीन तास तुम्ही जगात नसता.

ड्रमवर इस्पितळातली नर्स, गायला तुर्की आईबापांचा बसड्रायव्हर, खर्जातल्या बास गिटारवर डॉक्टरसाहेब, आणि मी. जर्मनीतही मराठीसारखं अहो-जाहो आणि अरे-तुरे असतं, 'झी' आणि 'डू'. कारखान्यात साहेब 'झी'. बंकरात पाय ठेवला की सगळे 'डू'. एका बुधवारी त्यांनी ब्लो होल, म्हणजे ओतीव मालातली हवेची भोकं, दाखवून आमचा 400 नगांचा लॉट परत पाठवला. मी टेबलावर हात आपटला, तेही लाल झाले. गुरुवारी माझी केबल तुटली तर त्यांनीच आपली दुसरी काढून दिली, "धर रे" म्हणाले. शुक्रवारी सकाळी पुन्हा "अहो". जिभेला ही कसरत जमायला मला दोन महिने लागले.

पहिल्या तालमीत माझी फजिती टाळीनं केली. गाणं सुरू झालं, मी खूश होऊन टाळी धरली, ती पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला. भजनात लहानपणापासून तशीच हाताला लागलेली. रॉकमध्ये स्नेअर ड्रमचा कडक ठोका पडतो दुसऱ्या आणि चौथ्याला. आपल्याकडं सगळा जोर समेवर, तिथं सम नुसती मनात धरायची आणि फटका पुढच्याला. ड्रमवाली बाई थांबली, हसली, म्हणाली, "काळजी करू नको, जर्मन प्रेक्षकही चुकीच्याच मात्रेला टाळ्या वाजवतात."

त्याहून मोठी माझी एक खोड डॉक्टरनी मोडली. मी जिथं मोकळी जागा दिसेल तिथं काहीतरी वाजवायचो. गायक श्वास घेतोय, मी वाजवतोय. ड्रमचा एक ठोका रिकामा, मी वाजवतोय. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसं. एके दिवशी त्यांनी सांगितलं, ह्या गाण्यात तू फक्त दोनच स्वर वाजवायचे. पॉवर कॉर्ड म्हणजे तरी दुसरं काय? सा आणि प. त्यात गंधार नसतो, म्हणून ती हसरी नाही आणि रडकीही नाही. आणि डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करणं, चढवल्यावर गंधार घातला की आवाजाचा चिखल होतो, सा-प मात्र स्वच्छ उभे राहतात. चार मिनिटं मी सा-प, सा-प करत उभा. माझ्याच डोक्यात लखकन उजेड पडला की हा तंबोरा आहे. आमच्या गुरुजींकडं मागं बसून तंबोरा छेडणाऱ्या मुलाला आम्ही बिचारा समजायचो. त्याच्याइतकं अवघड काम तिथं कुणाचं नव्हतं, हे मला बोखुमच्या बंकरात, वीस-पंचवीस वर्षांनी कळलं.

2019 च्या ऑगस्टमधला एक गुरुवार विसरत नाही. 8 तारीख. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, आणि त्या आठवड्यात पाणी 55 च्या वर गेलेलं. बहिणीचं घर शाहूपुरी कुंभार गल्लीत. तिला माणसांनी नावेतून काढलं एवढं कळलं होतं, पुढं फोन लागत नव्हता. घरी बसून भिंतीकडं बघण्यापेक्षा तालमीला गेलो, पण बंकराच्या दारातच अडलो. आत रेंज नाही. ड्रमवालीनं माझा फोन मागून घेतला आणि ती बाहेर पायरीवर जाऊन बसली. "मी आज तशीही थकलेय," म्हणाली. आत आम्ही तिघं ड्रमशिवाय वाजवत राहिलो. पावणेनऊला ती धावत आत आली, बहिणीचा मेसेज होता. तिला मराठी वाचता येत नव्हतं, पण बहिणीनं खाली अंगठा टाकला होता, त्यावरून ओळखलं म्हणे.

त्याच वर्षी आम्ही एका दारूच्या गुत्त्यात पाच गाणी वाजवली. तिसऱ्याला माझी तार तुटली, चौथं मी पाच तारांवर काढलं, बघायला पस्तीस माणसं, त्यातली बारा डॉक्टरांच्या घरची. पुढं करोनात बंकरला कुलूप लागलं आणि 2022 मध्ये मी गाशा गुंडाळला.

कोल्हापुरात आल्यावर वाटलं, आता काय, इथं तर आवाजाला मुभाच मुभा. खरं तर लाऊडस्पीकरचा नियम इथंही तोच, रात्री 10 ते सकाळी 6. कागदावर बोखुम आणि कोल्हापूर सारखंच. पण माझी अडचण आवाजाची नव्हतीच. दर गुरुवारी, तीन तास, फोन बाजूला ठेवून येणारी चार माणसं मिळेनात. येतो म्हणणारे वीस, आणि येणाऱ्यातले निम्मे एक गाणं झाल्यावर "चहा मारून येऊ" म्हणून गेले ते गेलेच.

सहा महिन्यांत माणसं जमली. बासला माझा शाळेतला दोस्त, बँकेत कारकून. गायला शास्त्रीय शिकणारी एक कॉलेजची मुलगी, मला काका म्हणणारी. पहिल्याच दिवशी तिनं ठणकावलं, "काका, माझी काळी चार आहे, तुमच्या पांढरी तीनमध्ये मी गाणार नाही." गिटारवाल्यांना पांढरी तीन सोयीची, तिथं तारा मोकळ्या वाजतात. मी गिटारच्या दांडीवर चौथ्या घरात कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावला, पांढरी तीनची झाली काळी चार, भांडण मिटलं. बोखुममध्ये हे समजावून सांगायला मला अर्धा तास लागला असता.

जागा मेव्हण्याच्या पॅटर्न शॉपच्या माळ्यावर, उद्यमनगरात. लाकडी पॅटर्नची, म्हणजे ओतकामाचे साचे करायच्या नमुन्यांची, कामं आता कमी झाल्यानं माळा रिकामाच होता. भिंतींना जुन्या गाद्या आणि गोणपाट. ॲम्प्लिफायर लावला आणि काही न वाजवताच घुंऽऽ सुरू. खालच्या लेथच्या मोटरी, शेजारचं वेल्डिंग, अर्थिंग नावापुरतं. आपली वीज 50 हर्ट्झची, तिचा दुसरा हार्मॉनिक, म्हणजे दुपटीचा स्वर, 100. खर्जातली पांढरी पाच 98 वर असते. म्हणजे विजेचा स्वतःचा एक सा आहे, पांढरी पाचच्या जरासा वर चढलेला, बेसूर. आमची गायिका तो ऐकून वैतागली, "हे बंद करा, माझा सूर हलतोय." शेवटी खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून नवं अर्थिंग केलं आणि गिटारचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारा भाग, बदलून हमबकर जातीचा घातला. त्यात दोन वेटोळी उलटसुलट जोडलेली असतात, म्हणून घुंऽऽ एकमेकांत मरतं.

ड्रमवर बावीस वर्षांचा एक हलगीवाला. कुस्तीच्या मैदानात हलगी-घुमकं वाजवून तयार झालेला, मनगटात वीज. त्याला मी मेट्रोनोमची टिकटिक लावून दिली. दुसऱ्या कडव्यापर्यंत तो टिकटिकीला मागं टाकून कुठल्या कुठं. मी थांबवलं. तो म्हणाला, "दादा, पैलवानानं पट काढला तर हलगी चढंलच की! घड्याळ बघून कोण वाजवतंय?" मी बोखुमचं ज्ञान पाजळलं, शिस्त, स्थिर लय वगैरे. महिनाभर आमची ओढाताण. मग एकदा तालीम संपल्यावर तो एकटाच वाजवत बसला होता आणि मी चोरून ऐकलं. लय चढत होती, पण घसरत नव्हती. किती चढायचं हे त्याला पक्कं माहीत होतं, फक्त ते मला माहीत नव्हतं. आता आमच्या गाण्यात तीन कडवी टिकटिकीवर असतात, चौथ्याला मी टिकटिक बंद करतो आणि त्याच्या मागं पळतो. डॉक्टरांना रेकॉर्डिंग पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, शेवटी तुमच्या ड्रमवाल्याची बस सुटत होती का?

2023 च्या पावसाळ्यात गिटारच रुसली. जर्मनीत हिवाळ्यात हीटरनं घर कोरडं ठाक व्हायचं, लाकूड आक्रसून फ्रेटची, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं बोटाला लागायची. इथं जुलैत उलटं. दांडी पाणी पिऊन मागं वाकली आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवर तारा चरचरायला लागल्या. फीलर गेज घालून बघितलं तर तारेखाली जेमतेम कागदाएवढी फट. कोल्हापुरात एकानं बघून नवीनच घ्या म्हणून सांगितलं. मग मी 50 किलोमीटरवर मिरजेला गेलो, सतार-तंबोऱ्याच्या कारागिरांकडं. (पुढं 2024 मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.)

म्हाताऱ्या कारागिरानं गिटार मांडीवर घेतली, तार छेडली, कान लावला. "चांगली जवारी हाय की." मी म्हणालो, "चाचा, तीच नकोय." त्यांना ते विचित्र वाटलं. तंबोऱ्याच्या घोडीवर तार नेमकी घासावी, तिचा झणकार भरून यावा म्हणून ते तासन्‌तास कानस फिरवतात, तारेखाली दोरा सरकवून बघतात. आणि हा माणूस मोटार घेऊन आलाय ती घालवायला. दांडीतली लोखंडी सळई बघून त्यांनी हात वर केले, "लोखंडाचं तुम्ही बघा, लाकडाचं मी बघतो." मी ॲलन की लावून सळई पाव फेरा सैल केली, त्यांनी फ्रेटची टोकं घासून गुळगुळीत केली. पैसे विचारले तर म्हणाले, आधी वाजवून दाखवा. तिथं ॲम्प्लिफायर नव्हता. मी नुसतं सा-प वाजवलं. त्यांनी शेजारचा अर्धवट तंबोरा उचलून माझ्या तारेला मिळवला आणि पाचेक मिनिटं आम्ही तसेच बसलो. काहीच झालं नाही, गाणं नाही, बोलणं नाही. पोस्टमन आला म्हणून थांबलो.

त्या वर्षी खंडेनवमीला मेव्हण्याच्या शॉपमध्ये पूजेला लेथ, व्हर्निअर, कानशींच्या शेजारी माझी गिटार आणि हलगीही मांडली. हळदकुंकू पिकअपवर पडू नये म्हणून मी जपत होतो, बहीण मुद्दाम तिथंच टाकत होती. प्रसादानंतर खाली तीन गाणी वाजवली. आजूबाजूच्या शॉपमधली चाळीसेक माणसं. पहिलं झाल्यावर शेजारचा टर्नर म्हणाला, "आवाज एक नंबर हाय. गाणं कवा चालू हुनार?" तिसऱ्याच्या चौथ्या कडव्याला, टिकटिक बंद झाल्यावर, तोच सगळ्यात पुढं नाचत होता. आई खुर्चीत पदर कानावर घेऊन बसलेली. संपल्यावर एवढंच विचारलं, "ती पांढरी तीन न्हवती. पट्टी बदललीस काय?"

बोखुममध्ये उशिरा येणाऱ्यानं बिअरचा क्रेट आणायचा नियम होता. इथं उशिरा येणारा मिसळ घालतो. आत्ता हे लिहिताना ड्रमवाल्याचा मेसेज आलाय. गुरुवारी शाहू स्टेडियमवर त्याच्या पेठेची फुटबॉल मॅच आहे, तालीम शुक्रवारी ठेवू का म्हणून. बँकवाल्याला शुक्रवारी जमत नाही. मी लिहिलंय, गुरुवारीच, मॅच संपल्यावर साडेसातला. 10 ला बंद करू. आणि हरला तरी ये.